हमरस्त्यावरचे नंदुरबार

मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत नंदुरबार शहराच्या वेशीबाहेर पडावे, म्हणजे मोकळ्या माळावर दूरवर अंथरलेल्या मिरचीच्या पथाऱ्या दृष्टीस पडतात. आसपासच्या शिवारांतून खुडून आणलेली ओली, गर्द लाल मिरची बाजारात विकली गेली की ढिगाढिगांनी येथे येते, जमिनीवर पातळ थरात पसरली जाते, आणि मग उन्हाच्या बळावर तिचा रंग रोज एकेक छटेने काळवंडत जातो. पदर नाकातोंडावरून घट्ट ओढून घेतलेल्या स्त्रिया सकाळपासून या लाल शेतात बसून खालचे फळ वर आणि वरचे खाली करीत असतात, डागी मिरची निवडून बाजूस काढतात, देठ खुडतात. त्यांच्या बोटांची आग घरी गेल्यावरही दुसऱ्या दिवसापर्यंत शमत नाही. वाऱ्याने दिशा बदलली की वाटेने जाणाऱ्या परक्या माणसाला ठसका लागतो, आणि येथील माणसाला मात्र मोसम चांगला लागल्याची ती खूण वाटते. नंदुरबार म्हणजे मिरची, ही सांगड महाराष्ट्राच्या मनात इतकी पक्की बसलेली आहे की हे गाव आणि हे फळ एकाच दिवशी जन्मास आली असावीत, असे कोणासही वाटावे.

परंतु इ. स. १३४२ च्या सुमारास मोरोक्कोचा जगप्रवासी इब्न बतूता या गावी येऊन येथील लोक काय खातात याची टिपणी करून गेला, तेव्हा मिरचीचे एकही फळ येथे नव्हते. येथेच काय, अवघ्या आशिया खंडात नव्हते. अमेरिका खंडातील हे फळ पोर्तुगीजांच्या गलबतांतून हिंदुस्थानच्या किनाऱ्यास लागले, ते त्यानंतर दीड शतकाहून अधिक काळाने. आज ज्या वस्तूमुळे गावाची ओळख पटते, ती वस्तू गावाच्या ज्ञात इतिहासात बऱ्याच उशिरा दाराशी आलेली पाहुणी आहे, हे ध्यानी आले की या गावाविषयी आपण आणखी काय काय गृहीत धरून चाललो आहोत, याचा शोध घ्यावासा वाटतो.

त्यांतले मुख्य गृहीत हे, की नंदुरबार हा एक कोपरा आहे. महाराष्ट्राच्या नकाशात वायव्येच्या टोकाशी, सातपुड्याच्या पायथ्याशी, गुजरात आणि मध्य प्रदेश यांच्या सीमांमध्ये हा जिल्हा आहे. शासकीय अहवालांत त्याच्या नावामागे ‘दुर्गम’ आणि ‘मागास’ ही विशेषणे नेमाने येतात. मला असे निश्चितपणे वाटते, की ही कोपऱ्याची स्थिती फार अलीकडची आहे. गेल्या सातशे वर्षांतील बहुतेक काळ हा कसबा हिंदुस्थानातील एका प्रमुख हमरस्त्यावर होता, आणि त्याच्याविषयी जे काही लिहिलेले आपल्या हाती लागते त्याचा मोठा भाग त्या रस्त्याने गेलेल्या वाटसरूंनी लिहिलेला आहे.

इब्न बतूता हा त्या वाटसरूंतील आद्य म्हणता येईल. दिल्लीचा सुलतान महंमद तुघलक याने चीनच्या बादशहाकडे नजराणे देऊन त्यास वकील म्हणून रवाना केले होते; दौलताबाद मागे टाकून, खंबायतेच्या बंदराकडे जाताना, तो नंदुरबारास थांबला. त्याच्या ग्रंथात गावाचे नाव ‘नज़रबार’ अशा काहीशा रूपाने आले आहे. हे गाव लहान असून त्यात मराठ्यांची वस्ती आहे, हे लोक हस्तकौशल्यात निपुण आहेत, त्यांच्यात वैद्य आणि ज्योतिषी आहेत, त्यांच्यातील श्रेष्ठ लोक ब्राह्मण आणि क्षत्रिय आहेत, असे तो सांगतो. त्यांचे अन्न भात, भाजीपाला आणि तिळाचे तेल. प्राण्यांना पीडा देणे अथवा मारणे त्यांना रुचत नाही. जेवणापूर्वी ते स्नान करतात. मद्याला शिवत नाहीत. मराठी माणसाच्या घरातील ताटाचे परक्याने केलेले इतके जुने वर्णन फार थोडे असेल, आणि ते पुण्यातले नव्हे, पैठणातले नव्हे, नंदुरबारातले आहे, ही गोष्ट आपल्या शालेय पुस्तकांत ठळक अक्षरांत यावी अशी आहे.

त्याच्या वर्णनातील एक तपशील मला विशेष विचारात पाडतो. हे लोक जवळच्या नात्यात विवाह करीत नाहीत, मध्ये कित्येक पिढ्यांचे अंतर असल्याखेरीज सोयरीक होत नाही, असे तो लिहितो. आता मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल महाराष्ट्रातील कित्येक समाजांत आजतागायत प्रशस्त मानली जाते, हे आपण सर्व जाणतो. तेव्हा बतूताने जे लिहिले ते साऱ्या गावाचे आचरण नसून, पित्याकडून सात आणि मातेकडून पाच पिढ्या टाळण्याचा धर्मशास्त्रातील सापिंड्याचा नियम त्यास कोणा जाणत्या माणसाने समजावून सांगितला असावा, असा माझा तर्क आहे. सुलतानाचा वकील म्हणून आलेल्या पाहुण्याची गाठ गावातील प्रतिष्ठितांशीच पडणार. डोंगरातून लाकूडफाटा आणि मध घेऊन बाजारात उतरलेल्या भिल्लाशी तो बोललेला दिसत नाही. ज्या मुलखात आजही भिल्ल, पावरा, मावची, कोकणी यांचीच वस्ती अधिक आहे आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याच्या लोकसंख्येत सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत, त्या मुलखाचे त्याने काढलेले चित्र म्हणूनच अर्धे आहे. ते अर्धे चित्रही अमोल आहे, हे मात्र नाकारता येत नाही.

बतूता येथून का गेला आणि त्याच्यामागून इतके जण येथूनच का गेले, याचे उत्तर भूगोलात सापडते. सह्याद्रीची भिंत उत्तरेकडे येता येता तापीच्या खोऱ्यापाशी संपते, आणि सातपुडा त्याच्या पलीकडे उभा राहतो. या दोन पर्वतांमधील फटीतून समुद्रकिनाऱ्यावरचा माल मोठा घाट न चढता खानदेशच्या मैदानात आणता येतो. सुरत हे मोगलांचे प्रमुख बंदर आणि बुऱ्हाणपूर हे त्यांच्या दक्षिणेतील कारभाराचे ठाणे झाल्यावर या दोहोंना जोडणारा रस्ता, आणि तोच पुढे आग्र्यास जाणारा रस्ता, बारडोली, नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडे अशा मुक्कामांनी बांधला गेला. १६१० मध्ये विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी या वाटेने गेला, तेव्हा नंदुरबार हे शहर असून त्याच्या अलीकडे पुष्कळ थडगी आणि विलासगृहे आहेत, किल्ला आहे आणि एक सुरेख तलाव आहे, अशी नोंद त्याने केली. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हाही १६१५ मध्ये सुरतेहून निघून याच वाटेने बुऱ्हाणपुरास पोहोचला.

फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याने सतराव्या शतकात हाच मार्ग तुडविला, आणि त्याची लेखणी नंदुरबारापेक्षा नवापुरात अधिक रमलेली दिसते. नवापूर हे मोठे खेडे असून विणकरांनी भरलेले आहे, परंतु तेथील खरा व्यापार तांदळाचा, असे तो म्हणतो. गावाजवळून वाहणाऱ्या नदीमुळे, म्हणजे आपल्या रंगावलीमुळे, जमीन कसदार झाली आहे. येथील तांदळाचा दाणा नेहमीच्या दाण्याहून लहान, शिजल्यावर बर्फासारखा शुभ्र, आणि वासाला कस्तुरीसारखा. हिंदुस्थानातील अमीर-उमराव हाच भात खातात, आणि इराणात कोणास मनापासून आवडेल अशी भेट न्यायची असेल तर या तांदळाचे एक पोते न्यावे, असा सल्लाही तो देतो. हिऱ्यांचा व्यापार करणाऱ्या, राजदरबारांत वावरलेल्या माणसाने नवापूरच्या तांदळाचे एवढे अगत्याने वर्णन करावे, यावरून त्या भाताचा दरवळ किती असेल याची कल्पना येते. आजच्या नवापूरची ओळख तुरीच्या डाळीवर आहे. नवापूरच्या तूरडाळीस भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पण पावसाळ्यात त्या तालुक्यातून जाताना बांधाबांधाने साचलेल्या पाण्यात भाताची लावणी चाललेली आजही दिसते, आणि ताव्हर्नियेने पाहिला तो मुलूख हाच, याविषयी संशय राहत नाही.

मोगल दफ्तरात नंदुरबारचे स्थान काय होते, तेही पाहण्याजोगे आहे. अबुल फज़लच्या ‘आईन-इ-अकबरी’त नंदुरबार हे एका सरकाराचे मुख्य ठिकाण म्हणून नोंदले आहे, आणि ते सरकार खानदेशात नसून माळव्याच्या सुभ्यात मोडत होते. किल्ला आणि उत्तम खरबुजे ही गावाची त्यावेळची ख्याती. याच्या आधी हा प्रदेश कधी गुजरातच्या सुलतानांकडे, तर कधी बुऱ्हाणपूरच्या फारुकी घराण्याकडे होता. म्हणजे गुजरात, खानदेश आणि माळवा या तिघांनीही वेगवेगळ्या काळी नंदुरबारला आपले म्हटले आहे, आणि येथील माणूस अहिराणी, गुजराती, गुजरी आणि भिल्लोरी या बोली आठवड्याच्या बाजारात सहज आळीपाळीने का बोलतो, याचा उलगडा या एका वाक्यात होतो.

इंग्रजांच्या वखारीची हकीकत तर फारच थोड्यांना ठाऊक असते. गॅझेटियरात दिलेल्या माहितीनुसार १६६६ मध्ये इंग्रजांनी येथे वखार घातली, आणि १६७० पर्यंत गावाचा व्यापार इतका वाढला की त्यांनी अहमदाबादेचा आपला कारभार उचलून नंदुरबारास आणला. अहमदाबाद सोडून नंदुरबार! आजच्या वाचकाला हे वाक्य दोनदा वाचावे लागेल. पुढे पेशवाईच्या अखेरच्या काळात बंदोबस्त ढासळला, लुटारूंच्या टोळ्यांनी खानदेश धुऊन काढला, जवळच असलेले सुलतानपूर हे एके काळचे नांदते शहर ओस पडले ते कायमचेच, आणि १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आला तेव्हा नंदुरबारही निम्मे उजाड झालेले होते.

उजाड झालेल्या त्या गावाला पुन्हा हात दिला तो एका गवताने. रोशा हे सुगंधी गवत सातपुड्याच्या उतारांवर आणि तापीच्या खोऱ्यातील माळांवर आपोआप उगवते. पावसाळा सरता सरता त्यास फुले येतात. कोवळ्या फुलोऱ्याच्या गवतास ‘मोतिया’ आणि पक्व होऊन तांबूस झालेल्यास ‘सोफिया’ अशी नावे व्यापारात रूढ होती, आणि मोतियाचे तेल अधिक मोलाचे समजत. एकोणिसाव्या शतकात नंदुरबार हे या तेलाचे मोठे केंद्र होते. तेल काढण्याची रीत साधी, पण नजर आणि सवय मागणारी. ओढ्याच्या काठी भट्टी घालावयाची, कारण वाहत्या पाण्याखेरीज काम होत नाही. भट्टीवर लोखंडी कढई, तिच्यात थोडे पाणी आणि तोंडापर्यंत ठासून भरलेले गवत. वर झाकण बसवून त्याची फट पिठाने लिंपून घ्यावयाची, म्हणजे वाफ कोठूनही निसटू नये. झाकणाच्या भोकातून सुतळी गुंडाळलेली पोकळ बांबूची नळी निघे, ती ओढ्याच्या पाण्यात बुडवून ठेवलेल्या तांब्याच्या भांड्यात जाई. वाफ त्या गार भांड्यात उतरून तिचे पाणी होई, आणि पाण्यावर तेलाचा पिवळसर तवंग जमे. तो अलगद काढून घेतला की झाले रोशेल. संधिवातावर चोळण्यास हे तेल गुणकारी म्हणून गावोगाव मागणी असे.

खरी मागणी मात्र फार दूरची होती. मुंबईच्या बंदरातून हे तेल तांबड्या समुद्राच्या मार्गाने तुर्कस्तानात, इस्तंबूलला जाई. तुर्की लोक त्यास ‘इद्रिस याघी’ म्हणत. रोशाच्या तेलाचा वास गुलाबाशी इतका जुळता असतो, की त्या वेळी तुर्की अंमलाखाली असलेल्या बल्गेरियातील गुलाबाच्या मळ्यांत पाकळ्यांवर आधी हे तेल शिंपडून मग अत्तर काढण्याची चाल पडली होती. रसायनशास्त्राने यावर पुढे प्रकाश टाकला: दोहोंतही जिरॅनिऑल नावाचे द्रव्य असते, आणि रोशाच्या तेलात तर त्याचाच भरणा अधिक. विलायतेतील एखाद्या धनिक स्त्रीने गुलाबाचे अस्सल तुर्की अत्तर म्हणून जे आपल्या रुमालावर लावले असेल, त्यात नंदुरबारच्या माळावरच्या गवताचा वाटा असण्याचा पुष्कळ संभव होता. ती भेसळ होती, हे खरे. पण भेसळ करणारे हात इकडचे नव्हते, आणि ओढ्याकाठी धूर खात बसलेल्या त्या भट्टीवाल्याने काढलेले तेल शुद्धच होते, हेही लिहून ठेवले पाहिजे. आज ‘पामरोजा’ या नावाने हेच गवत मुद्दाम लागवड करून वाढविले जाते आणि साबण-अत्तरांच्या धंद्यात वापरले जाते. नंदुरबारचे नाव त्याच्याशी कोणी जोडीत नाही.

सुरत ते अमळनेर हा तापी खोऱ्यातील लोहमार्ग १८९९-१९०० च्या सुमारास वाहतुकीस खुला झाला, आणि बैलांच्या तांड्यांचा जुना रस्ता रुळांवर आला. या लोहमार्गाने कापूस सुरतेस आणि मुंबईस गेला, आणि त्याच्याबरोबर गुजराती व्यापारी घराण्यांचा गावातील जम अधिक वाढला. त्यांपैकीच एका मेहता कुटुंबात २८ डिसेंबर १९२६ रोजी शिरीषकुमारचा जन्म झाला.

१९४२ च्या ऑगस्टात मुंबईस ‘चले जाव’चा ठराव झाल्यावर सुमारे एक महिन्याने, ९ सप्टेंबर रोजी, नंदुरबारच्या शाळकरी मुलांनी तिरंगा घेऊन मिरवणूक काढली. ही मुले त्या दिवशी गुजराती घोषणा देत होती, आणि त्याचे कोणास नवल वाटले नाही, कारण तीच गावाची रीत होती. पोलिसांनी वाट अडविली. पांगण्याचा हुकूम झाला. मुले हलली नाहीत. बंदुकीची नळी मिरवणुकीतील मुलींच्या दिशेने वळलेली पाहून शिरीषकुमार पुढे सरसावला आणि झेंडा खाली न ठेवता त्याने गोळ्या छातीवर घेतल्या, अशी हकीकत गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्याला सोळावे वर्ष लागलेले होते, ते पुरे झाले नाही. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही धारातीर्थी पडले. ही पाच नावे एका श्वासात म्हणून पाहावीत: गुजराती आणि मराठी आडनावे त्यांत अशी मिसळली आहेत की वेगळी करण्याचा विचारही मनाला शिवू नये. माणिक चौकातील त्यांच्या स्मारकापुढे उभे राहिलो असता, पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातातील झेंड्याच्या काठीची उंची किती असेल, एवढाच विचार माझ्या मनात पुनःपुन्हा येत राहिला.

त्यानंतर अठरा वर्षांनी, १ मे १९६० रोजी, मुंबई राज्याचे दोन भाग झाले. हे विभाजन करणाऱ्या कायद्याने पश्चिम खानदेशातील नंदुरबार, नवापूर, तळोदे आणि अक्कलकुवे या तालुक्यांमधील काही गावे तोडून गुजरातेत घातली गेली. सुरतेच्या रस्त्यावरचे मधले ठाणे त्या दिवशी राज्याच्या सीमेवरचे शेवटचे ठाणे झाले. नंदुरबारला कोपरेपण आले ते येथून. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यापासून वेगळा होऊन नंदुरबार हा सहा तालुक्यांचा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादे तालुक्यातील टेंभली या लहानशा गावी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातील पहिले आधार क्रमांक आदिवासी ग्रामस्थांच्या हाती देण्यात आले. आज बहुतेक भारतीयांच्या खिशात असलेल्या त्या बारा आकड्यांचा प्रारंभ या जिल्ह्यात झाला, एवढे सांगून पुढे जातो.

सीमारेषा डोळ्यांनी पाहावयाची असेल तर नवापूरच्या रेल्वे स्थानकावर उतरावे. सुमारे ८०० मीटर लांबीच्या या स्थानकाच्या मधून दोन राज्यांची सीमा जाते. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्थानकप्रमुखांची कचेरी आणि प्रतीक्षागृह गुजरातेत. फलाटावर एक बाक आहे, त्याच्या पाठीवर मधोमध रेघ ओढून एका अंगास महाराष्ट्र आणि दुसऱ्या अंगास गुजरात असे लिहिलेले आहे. त्या बाकावर मी बसलो, तेव्हा शेजारी दोन म्हाताऱ्या, एक रेघेच्या या बाजूस आणि एक त्या बाजूस, मांडीवर भाजीची पोटली घेऊन मावची बोलीत सुखदुःखे बोलत होत्या. गाडीची सूचना हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा चार भाषांत झाली. त्या दोघींची भाषा त्या चारांत नव्हती.

बतूता, फिंच, ताव्हर्निये यांनी जाता जाता जे टिपले त्यावर आपण येथवर आलो. जे येथेच राहिले त्यांचे लिहिणे मात्र पुष्कळसे बाकी आहे. रोशाच्या भट्ट्या कोणत्या ओढ्यावर होत्या, तांब्याची ती भांडी कोणाच्या माळ्यावर अजून पडून आहेत, इंग्रजांची वखार गावाच्या कोणत्या अंगास होती असे जुनी माणसे सांगत, ९ सप्टेंबरच्या त्या मिरवणुकीत आपल्या घरातील कोण कोण चालले होते, हे नंदुरबारच्या घराघरांत कोणा ना कोणास आठवत असेल. ज्यांना आठवते त्यांनी ते या पावसाळ्याआधी कागदावर उतरवून आपल्या गावच्या वाचनालयात द्यावे, एवढी माझी विनंती आहे.